शेकरूशेठची सात घरे

सह्याद्रीच्या उतारावरील एका दाट रानात एक श्रीमंत शेकरू राहत असे. नक्की कोठे राहत असे, हे मात्र कोणालाच सांगता येत नसे. उंबर, आंबा, हिरडा, बेहडा अशा उंच झाडांच्या शेंड्यांवर त्याची काटक्यापानांची सात घरटी होती. शेकरू शत्रूला चकवण्यासाठी एकाहून अधिक घरटी बांधतात, हे मुलांनो, तुम्हाला ठाऊक असेलच. पण सात म्हणजे जरा अतीच झाले. सातही घरांत वाळवलेली उंबरे, जांभळे आणि फणसाच्या आठळ्या खच्चून भरलेल्या. सारे रान त्याला 'शेकरूशेठ' म्हणे. त्याला ते आवडे आणि त्याची धास्तीही वाटे.

शेठचा संसार लहानसा. शेकरीण दोन पावसाळ्यांपूर्वी गरुडाने नेली. मागे उरली एक लेक, झुपकेदार शेपटीची आणि बडबडी. ती बडबड शेठला परवडणारी नव्हती. तो आज या घरी, उद्या त्या घरी झोपे, लेकीला तिसऱ्याच घरी ठेवी आणि कोणाला ताकास तूर लागू देत नसे.

"खालून कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही," त्याने तिला बजावले होते. "ओ दिली की घर कळतं. घर कळलं की मागणारे येतात."

"आणि कुणी सहज आलं असेल तर, बाबा?"

"सहज कुणी येत नसतं."

हळूहळू हाका मारणारेही कमी झाले. सातही घरे शांत झाली. खरे सांगायचे तर शेठला मुळीच करमत नसे. पण करमत नाही, हे सांगायला तरी कोणी हवे ना.

एके दिवशी सकाळी शेठ लेकीसाठी दोन उंबरे घेऊन हिरड्यावरच्या घरी गेला, तर घर विस्कटलेले आणि लेक नाही. त्याच्या तोंडचे पाणी पळाले. इतक्यात ओढ्यापलीकडच्या वठलेल्या झाडाच्या ढोलीतून एका उदमांजराने डोके बाहेर काढले.

"शोधू नका, शेठ. लेक माझ्या पंजाखाली आहे. सातही घरांतला माल ओढ्याकाठी आणून टाका आणि तिला घेऊन जा. दिवस मावळेपर्यंत वाट पाहीन. दिवस मावळला की मला भूक लागते."

ढोलीतून बारीक आवाज आला, "बाबा." एवढाच.

शेठ चिक्कू होता खरा, पण बाप होता. त्याने घासाघीस केली नाही. दुपार टळेपर्यंत खेपा घालून त्याने सातही घरे रिकामी केली आणि ओढ्याकाठी भला मोठा ढीग रचला. खरी अडचण त्यापुढेच होती.

त्या रानाची एक जुनी रीत होती. धरलेला जीव सोडवायचा तर दोघांच्या मध्ये एक तिसरा उभा राही. तो माल पाही, जीव पाही आणि 'सोडा' म्हणे. मग दोघांनी एकदम सोडायचे. त्यावाचून देवघेव होत नसे. माल आधी दिला तर उदमांजर मालही खाणार आणि लेकही. आणि लेक आधी सोडायला ते काही खुळे नव्हते.

"मधला आणा," उदमांजर म्हणाले. "एवढे मोठे शेठ तुम्ही, तुमचं कुणीतरी असेलच."

शेठ आठवू लागला. त्याला एकही नाव आठवेना.

तो आधी धनेश पक्ष्याकडे गेला. धनेशाने मोठी पिवळी चोच एका बाजूला कलती केली. "या शेठ. वाट चुकलात वाटतं?"

शेठने सारे सांगितले आणि विचारले, "मध्ये उभे राहता का?"

"गेल्या उन्हाळ्यात माझी बायको अंडी घेऊन ढोलीत बसली होती," धनेश म्हणाला. "आमच्यात ढोलीचं तोंड लिंपून घेतात. चोच जाईल एवढीच फट ठेवतात. तिला भरवायला चार उंबरं हवी होती, म्हणून तुमच्या झाडावर आलो होतो."

शेठला आठवले. त्याने शेपूट फटकारून त्याला हाकलून दिले होते. "चूक झाली माझी," तो म्हणाला.

"झाली खरी. पण माझी पिल्लं अजून लहान आहेत, शेठ. उदमांजराशी वैर मला परवडायचं नाही." एवढे बोलून धनेश उडून गेला.

भेकराने शेठला येताना पाहिले आणि ते झुडपात शिरले. वानरे एकमेकांच्या उवा बघत बसली, त्यांनी मान वर केली नाही. ऊन कलू लागले. एवढ्या मोठ्या रानात आपला असा एकही जीव नाही, हे शेठला त्या दिवशी कळले आणि तो एका फांदीवर बसून रडला. पण रडत बसायलाही वेळ नव्हता.

शेवटी तो अंगभर काटे असलेल्या म्हाताऱ्या साळूच्या बिळाशी गेला. इतक्या वर्षांत तिच्या दाराशी तो पहिल्यांदाच आला होता.

"साळूमावशी, माझी लेक..."

"ठाऊक आहे मला," साळू म्हणाली. "पहाटे चरून परतत होते, तेव्हा ते उदमांजर ओढा ओलांडताना दिसलं. तुझ्या झाडांकडेच निघालं होतं. आता पोर कुठल्या घरात, तू कुठल्या घरात, मला काय ठाऊक? सातही झाडांखाली जाऊन हाका मारल्या. या असल्या पायांनी. एकाही झाडावरून ओ आली नाही."

शेठने मान खाली घातली. ती हाक त्याने ऐकली होती. बेहड्यावरच्या घरात पडल्या पडल्या त्याने साळूचा आवाज ओळखलाही होता. म्हातारी काहीतरी मागायला आली असेल, असे वाटून तो श्वास रोखून गप्प पडून राहिला होता.

"ऐकलं होतंस," साळू म्हणाली. तिने ते विचारले नाही. "चल, दिवस चाललाय."

"माझ्यासाठी येताय, मावशी?"

"पोरीसाठी येतेय."

साळू ओढ्याकाठी मधोमध उभी राहिली आणि तिने अंगावरचे सगळे काटे फुलवले. एका बाजूला ढिगाशी शेठ, दुसऱ्या बाजूला लेकीची मान धरलेले उदमांजर. साळूने माल पाहिला, पोर पाहिली. सूर्य डोंगराला टेकला होता. "सोडा," ती म्हणाली. शेठ ढिगापासून मागे सरला, उदमांजराने पकड सोडली आणि लेक धावत येऊन बापाच्या कुशीत शिरली. साळू काटे मिटून आपल्या वाटेने निघून गेली.

शेठ लेकीला घेऊन हिरड्यावर चढला. मग त्याने विचारले, "पहाटे मावशीची हाक तुला ऐकू आली होती का गं?"

"आली होती."

"मग ओ का नाही दिलीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, बाबा. मी तोंडावर शेपूट धरून बसले. ते आत आलं तेव्हासुद्धा ओरडले नाही."

शेठने तिला घट्ट जवळ घेतले. थोड्या वेळाने खाली पाचोळा वाजला. कोणीतरी झाडाखालून जात होते. लपवावे असे आता त्या घरात काही उरले नव्हते, तरी दोघांनीही सवयीने श्वास रोखून धरला.

तात्पर्य : धन दडवता दडवता जो स्वतःच दडून बसतो, त्याला वाचवायला आलेली हाकही मागणाऱ्याचीच वाटते.