शिरगावकरांचा निरोप

"मग मी जायचं तरी कुठं, बाबा?" मुकुंदरावांनी विचारलं.

हमादी बाबा ओट्यावर बसून फाटकं जाळं सांधत होते. फकीर झाले तरी हातचं कोळ्याचं काम सुटलं नव्हतं.

आपल्या इतिहासात हे घडलं नाही. या गोष्टीत घडलं. साताऱ्याच्या गादीचं आरमार समुद्र ओलांडून लवंगबेटावर उतरलं आणि मुकुंदराव शिरगावकरांचा आजा तिथला कारभारी झाला. तीन पिढ्या शिरगावकरांनी बेटावर हुकूम चालवला. आता गादीने बेट सोडलं होतं, आणि उद्या शेवटचं गलबत सुटायचं होतं. ज्याला राहायचं असेल त्याच्यासाठी मूळच्या बेटावरच्या एका माणसाने शब्द टाकायचा, एवढीच नव्या पंचांची अट होती.

मुकुंदरावांना राहायचं होतं. पण बाबांसारख्या बेटकऱ्याकडे शब्द मागायचा म्हणजे मान खाली घालायची. सुंभ जळाला तरी पीळ कुठे जातो?

"शिरगावला जा की," बाबा म्हणाले.

"शिरगाव मी पाहिलंय कधी?"

"आडनावात तर आहे."

"थट्टा पुरे. चुलतभावाचं पत्र आलंय तिथनं. 'चार दिवस अवश्य पाहुणे म्हणून या.' चार दिवस!"

बाबा खुदकन हसले. मुकुंदरावांना लहानपणी पोहायला त्यांनीच शिकवलं होतं. या हट्टी माणसावर त्यांचा फार जीव होता.

"धक्का आम्ही बांधला, बाबा. बागा आम्ही लावल्या."

"हो. दगड मी वाहिले."

मुकुंदरावांनी मान वळवून धक्क्याकडे पाहिलं.

"धक्का बरा झालाय," बाबा समजुतीने म्हणाले.

"मग हे बेट माझं नाही?"

"पोहायला शिकताना तू काय करायचास, आठवतं? पाणी मुठीत धरायचास."

"आणि बुडायचो."

"मूठ सोडलीस, तेव्हा पाण्यानं तुला धरलं."

"मला कोडी घालू नका! उद्या गलबत सुटतंय."

बाबांनी पुन्हा जाळ्यात मान घातली...

मुकुंदराव तिरीमिरीत उठले. अंगणात उतरून त्यांनी वहाणा पायांत सरकवल्या. चार पावलं गेले आणि थांबले. रागावून निघाले तरी या माणसाचा निरोप न घेता जाणं त्यांना जमेना. आणि मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, मग परत येणं नशिबात असो वा नसो. ते वळले आणि सवयीने म्हणाले,

"बाबा... येऊ का?"

बाबांचे हात थांबले. डोळ्यांत टचकन पाणी आलं. जाळं बाजूला सारून त्यांनी ओट्यावर शेजारची जागा हाताने झाडली.

"तुझा आजा उतरला तेव्हापासून आज पहिल्यांदा तुम्ही विचारलंत रे," ते म्हणाले. "ये."