छापखान्याची जागा

“म्हणजे छापखान्याची ही जागा राजवाड्यानं दिली होती?”

वैजयंती खोतनं विचारलं आणि बक्षीसपत्राची नक्कल टेबलावर ठेवली.

अच्युतराव टिपणीस बेचाळीस वर्षं ‘लोकसाद’चे संपादक होते. वैजयंती त्यांच्याच हाताखाली बातमी लिहायला शिकली. राजा असो, पुढारी असो की पैसेवाला, आधी संशय घ्यायचा, हा धडा त्यांचाच. आज तिनं तो त्यांच्यावरच चालवला होता. त्याची ऐट तिला लपवता येत नव्हती.

“हो,” टिपणीस म्हणाले. “बारा गुंठे. थोरल्या महाराजांनी दिले.”

“बदल्यात काय मागितलं?”

“काही नाही.”

“काहीच नाही, सर?”

“मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.”

...

“पण तुम्ही तर त्यांना कधी सोडलं नाहीत. पाणीयोजनेवरचा तो अग्रलेख अजून लोकांच्या तोंडी आहे.”

“तो खोटा होता.”

वैजयंती बघत राहिली.

“योजना महाराजांनी अडवली नव्हती. मी तपासलंच नाही. आपण विकले गेलो नाही, हे गावाला दाखवायची घाई झाली होती.”



मग तिनं पिशवीतून आपली बातमी काढली. “महाराजांचा नातू निवडणुकीला उभा आहे. आपण त्याच्या बातम्या रोज छापतो. लोकांना हे कळायला हवं.”

टिपणीसांनी चष्मा लावला. बातमी सावकाश वाचली. स्वतःचं नाव आलं तिथंही थांबले नाहीत. फक्त एक वेलांटी दुरुस्त केली.

“बक्षीसपत्र तुला कुणी दिलं?”

“समोरच्या उमेदवाराच्या माणसानं.”

“त्यानं काय मागितलं?”

“काही नाही,” ती म्हणाली, आणि आपलेच शब्द ऐकून थबकली.

...

“पण कागद खरा आहे, सर. नोंदणी कार्यालयात जाऊन मी पडताळलाय.”

“खरा आहे म्हणूनच तुझ्याकडे आला. खोटा असता तर दुसऱ्या कुणाकडे गेला असता.”

तिचा चेहरा उतरला. ती बातमीची घडी घालू लागली.

टिपणीसांनी हात पुढे केला. घडी उलगडली, खाली सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

“छाप. कागद कुणी आणून दिला, तेही छाप.”

“मग तो माणूस पुन्हा माझ्या दारात यायचा नाही. दुसराही कुणी यायचा नाही.”

“नाही यायचा.”

“आणि तुम्ही मला हे करायला सांगताय?”

टिपणीसांनी पेनाचं टोपण लावलं.

“जागा कुणी दिली, एवढी एकच बातमी मी कधी छापली नाही.”