वेशीवर ठेवलेली वाटी

"...मग एकाच घामाचा कर दोन राजांना का द्यायचा, बुवा?"

पद्माकर वायंगणकर सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, चढून आला होता; धापाही टाकत होता आणि रागावलेलाही होता. दोन्ही कामं एकदम करताना माणसाचा आवाज चिरकतो. त्याचाही चिरकला.

खडपेबुवा गप्प.

बुवांचा मठ म्हणजे एक खोली, बुवा ज्यावर बसत ते काळं खडप, आणि मागं एक माड. कातळावर माड जगत नाही म्हणतात. या माडाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आणि बुवांचं मौन तर असं, की समोरच्याला स्वतःची दाढी वाढताना ऐकू यायची. एकदा ते गप्प बसले तेव्हा भरती पाऊण तास वेशीशी खोळंबली होती म्हणतात. खाडीला विचारा, ती नाही म्हणत नाही.

पद्माकरला मात्र घाई होती.

मास्तरकी सोडून तो लिहिण्यावरच पोट भरत होता. खाडी पार करून देणाऱ्या तरीवाल्यांवरची त्याची कादंबरी जर्मन भाषेत गेली. तिकडच्या एका गावात म्हणे ती सभागृहात वाचली, आणि वाचन संपल्यावरही लोक जागचे उठेनात. पाठोपाठ मानधन आलं. पण तिकडच्या प्रकाशकानं तिकडच्या सरकारचा कर आधी कापून घेतला होता, आणि उरलेलं पाठवलं होतं.

आता इथलं विवरणपत्र भरायचं. कुडाळच्या नाडकर्णीबाई, म्हणजे त्याच्या सीए, म्हणाल्या, अख्खी रक्कम लिहायची, तिकडे कापलेलीसुद्धा. तिकडच्या कराचा दाखला जोडला, की तो इथल्या करातून वजा मागता येतो.

पद्माकरला ते पटेना. मोठा आकडा म्हणजे मोठा कर, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हाती आलं तेवढंच लिहिणार, म्हणून तो अडून बसला. बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग माझी सही मिळायची नाही, म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत काय ते कळवा.

एवढ्यावर तो सडा चढला नसता. पण पहिली लेखणी त्याला बुवांनी दिली होती, आणि देताना अट घातली होती. गोष्टीत वाट्टेल तेवढ्या थापा मार. गोष्टीबाहेर एक जरी मारलीस, तर लेखणी परत आणून ठेव.

त्यानं लेखणी खिशातून काढून खडपावर ठेवली.

"ही थाप नाही, बुवा. नुसतं कमी सांगणं आहे. तुम्हाला ती थाप वाटत असेल, तर ही घ्या. मी लिहिणं सोडलं."

"वाचनालयात सत्कार झाला तुझा," बुवा म्हणाले. "तिथं कुठला आकडा सांगितलास?"

पद्माकरनं खाली पाहिलं. तिथं त्यानं अख्खा आकडा सांगितला होता. वर थोडा फुगवूनच.

बुवांनी पुढं काही विचारलं नाही. माडाखाली एक नारळ पडला होता. तो सोलून घे, म्हणाले, खाली वेशीवर फोड, राखणदाराचा वाटा ठेव आणि इथं ये.

पद्माकर उतरला. वेशीवरच्या शेंदूर लावलेल्या दगडावर त्यानं नारळ फोडला. एक वाटी दगडापुढं ठेवली, दुसरी घेऊन पुन्हा चढला.

"नारळ केवढा होता?" बुवांनी विचारलं.

इथली रीत सड्यावरच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. नारळातली एक वाटी, म्हणजे निम्मा नारळ, मठाची. पण आधी वेशीवर ठेवलेली मठ आपल्या वाट्यात धरतो आणि खोबऱ्याच्या एका कातळीवर खूश होतो. पद्माकरलाही हे ठाऊक होतं. पण हुशारी रीतीच्या आधी जिभेवर येते.

त्यानं हातातली वाटी वर धरली. "हा एवढाच."

बुवांनी वाटी घेतली, दगडानं दोन तुकडे केले, एक मठाच्या कोनाड्यात ठेवला आणि दुसरा त्याच्या हातात दिला.

"अहो बुवा, मी एक वाटी वेशीवर दिलीय की."

"कुठल्या नारळाची?"

"याच."

"हा तर एवढाच होता ना?"

वारा पडला. माडाची एक झावळी हलायची, तीही थांबली. पद्माकर कोनाड्याकडे बघत राहिला, मग हातातल्या पाव नारळाकडे.

सड्याच्या अगदी कडेला गेलं तरच फोनला रेंज मिळते. तो तिथवर गेला. नाडकर्णीबाईंनी उचलला.

"अख्खी लिहा," तो म्हणाला. "तिकडे कापलेलीसुद्धा."

परत आला तेव्हा बुवांच्या हातात लेखणी होती. पद्माकरनं हात पुढं केला. बुवांनी ती दिली नाही. तिच्याच टोकानं खाली वेशीकडे दाखवलं.

वेशीवर एक बाई आली होती. पलीकडच्या कुठल्यातरी गावची असावी, इकडे कधी पाहिलेली नव्हती. डोक्यावरचा गवताचा भारा तिनं उतरवला, राखणदाराला हात जोडले आणि पुढ्यातली वाटी उचलली. दगडाला टेकून बसली. दातांनी खोबरं सुटं करत हळूहळू खाऊ लागली.

खाऊन झालं तरी ती उठेना.

पद्माकरला ते सभागृह आठवलं, जे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्या बर्फाच्या मुलखातली, गोष्ट संपल्यावरही न उठलेली माणसं आठवली. तिकडे कापलेल्या करातून त्यांच्या रस्त्यांत कुठंतरी आपल्याही नावचा एखादा खडा पडला असेल, असं मनात आलं आणि त्याचे पाय कातळावर आपोआप जुळले.

खाली बाई उठली. जाताना तिनं मागं वळून पुन्हा हात जोडले, दगडाला की आणखी कुणाला, वरून कळेना.

"बुवा..." त्याचा आवाज आता चिरकत नव्हता. "तिला ठाऊकही नाही, तो नारळ कुणाचा."

बुवांनी लेखणी त्याच्या खिशात खोचली.

"तुला तरी ठाऊक आहे?"