नीलकोटाची बिननावाची शिळा

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि विहिरी ऐकत, नीलकोट नावाचा राजदुर्ग होता. तिथली राजकन्या उत्पला सात समुद्रांपलीकडे वास्तुविद्या शिकायला गेली होती. गुरुकुलात तिने नीलकोटाची कीर्ती इतकी सांगितली, की तिच्या मैत्रिणींना तो न पाहताच पाठ झाला.

"आमच्या महाद्वाराची कमान एवढी उंच, की अंबारीचा हत्ती मान न वाकवता आत येतो. दगडांच्या सांध्यात चुन्याचं बोटसुद्धा नाही. दगड दगडाला धरून उभा आहे. आणि सभागृहात आमच्या पूर्वज राजांच्या मूर्ती! आता पापणी लवेल असं वाटतं. असा शिल्पकार जगात झाला नाही."

शिक्षण संपवून ती परतली, तेव्हा महाद्वारावर तोरण असेल आणि वडील पायऱ्यांवर उभे असतील असे तिला वाटले होते. दिसले ते वेगळेच. कमानीला सागाच्या ओंडक्यांचे टेकू दिले होते. माणसे त्यांच्यामधून अंग चोरून ये-जा करत होती. हत्तींना तटाच्या एका खिंडारातून आत घेत होते. आणि तिचे वडील, राजा धृतवर्मा, सिंहासनावर बसले होते, पायांपासून छातीपर्यंत दगड होऊन.

"आबासाहेब!"

"ये बाळ. उठता येत नाही, म्हणून सामोरा आलो नाही. राग मानू नकोस."

शेजारी राजाची बहीण मंदाकिनी उभी होती. भावाच्या आजारपणात राज्यकारभार तिच्याच हाती होता.

"आल्याआल्या रडणं नको," ती म्हणाली. "आपल्या घराण्यात राजे असेच जातात; वेळ येईपर्यंत मुलांना सांगत नाहीत. दगड पायाकडून चढतो. गळ्यापर्यंत आला, की नवा राजा गादीवर येतो. मूर्ती कोणी घडवल्या असं वाटलं होतं तुला?"

उत्पलाने मूर्तींच्या रांगेकडे पाहिले. ज्या शिल्पकाराचे तिने इतके गोडवे गायले, तो कधी जन्मलाच नव्हता.

"उद्या सकाळी तुझा अभिषेक," आत्या म्हणाली. "रीत ठाऊक आहे ना?"

रीत राज्यात लहानथोरांना ठाऊक होती. वारसाने शिडीवर चढायचे, कमानीच्या माथ्यावरच्या शिळेवरून आधीच्या राजाचे चिन्ह तासायचे आणि तिथे आपले कोरायचे. त्यावाचून त्याचा हुकूम कोणी मानत नसे. उत्पलाने आपले चिन्ह कधीच ठरवले होते, नीलकमळ. परक्या किनाऱ्यांवर वाळूत ते तिने कितीदा रेखले होते! आपण नीलकोट पुन्हा उजळवू आणि आपले कमळ इतके देखणे असेल, की पुढच्या कोणालाच ते तासवणार नाही, हे तिचे स्वप्न होते.

"आणि आबासाहेब?"

"उद्यापर्यंत गळा गाठेल दगड," आत्या हळूच म्हणाली.

उत्पला तडक महाद्वारापाशी गेली. एका टेकूवर एक म्हातारा पारवा फुगून बसला होता.

"काय पाहतेस?" पारवा म्हणाला. "माझ्या पणजोबांचं घरटं होतं त्या सांध्यात. आता शिळा हलते, अंडी घरंगळतात. एवढं शिकून आलीस, हे कसं थांबवायचं ते सांग."

"मला ठाऊक नाही. कोणाला ठाऊक आहे?"

"ज्याने बांधलं त्याला. स्थपती मायाधर दुर्गाच्या पायात बसला आहे. बारवेच्या तळाशी दार आहे. दार वाजवू नकोस, त्याला आवडत नाही."

उत्पला बारवेच्या पायऱ्या उतरली. तळाशी पाणी बाजूला झाले आणि दार उघडले. दुर्गाच्या पायात, दगडी खांबांच्या मुळांमध्ये, मायावी स्थपती बसला होता. त्याची दाढी मुळांसारखीच जमिनीत गेली होती.

"आलीस," तो म्हणाला. "तुझ्या मूळपुरुषाने मला शब्द दिला होता, की माथ्याच्या शिळेला लोखंड लावणार नाही. मी निघून गेल्यावर त्याने तिच्यावर आपला सिंह कोरला. मी शाप दिला. जेवढा दगड तिथून तासाल, तेवढा तुमच्या अंगावर चढेल."

"शाप मोडायचा कसा?"

"तीन शिळा दाखव. पहिली, जी सर्वांत हलकी असून सर्वांत जास्त भार वाहते."

उत्पलाला हे अवघड गेले नाही. "माथ्याची शिळा. पिढ्यान्‌पिढ्या तासून ती पातळ झाली. तरी सगळी कमान तिच्यावर आहे."

"दुसरी, जी सर्वांत जड असून कसलाच भार वाहत नाही."

तिचा चेहरा उतरला. "सभागृहातले राजे. शिळेचा दगड त्यांच्या अंगावर आहे."

"तिसरी शिळा अशी दाखव, जी कोणाच्याच नावाची नाही. ती सापडली, तर दगड जिथून गेला तिथे परत येईल. उद्या सकाळपर्यंत अवकाश आहे."

उत्पला वर आली आणि शोधू लागली. तटावर, बुरुजांत, तबेल्यात, स्वयंपाकघरात. पाट्यावर तिच्या पणजोबांचा नाग होता. घोड्यांच्या डोणीवर चुलत आजोबांचा धनुष्यबाण होता. बारवेच्या प्रत्येक पायरीवर कोणा ना कोणाचे काहीतरी होते. ऊन उतरेपर्यंत तिला कोरा दगड मिळाला नाही.

दिवेलागणीला ती वडिलांजवळ बसली. दगड त्यांच्या खांद्यांवर आला होता.

"आबासाहेब, शिळेवरचा तुमचा मोर तासावा लागेल."

"तास की! नीट जमलाच नव्हता तो. लोक त्याला कोंबडी म्हणतात, मला कळतं." राजा हसला. "उत्पला, तुझं कमळ मात्र खोल कोर. दिसलं पाहिजे."

तिने मान हलवली.

सकाळी नगारे वाजले. सारे राज्य महाद्वारापुढे जमले. राजाला सिंहासनासह उचलून आणले होते. दगड हनुवटीला टेकला होता. उत्पला हातात छिन्नी घेऊन शिडी चढली. शिळा तिच्या चेहऱ्यासमोर आली. तिने तळवा ठेवला, तर भाकरीच्या पापुद्र्यासारखी ती थरथरली.

आणि तिला कळले. बिननावाची शिळा या दुर्गात शोधून मिळणार नव्हती. ती कोणीतरी तशी ठेवायला हवी होती.

तिने क्षणभर आपल्या कमळाची पाकळी न्‌ पाकळी आठवली. मग छिन्नी खाली टाकली.

"उत्पला!" आत्या ओरडली. "चिन्ह नाही, तर राज्य नाही! तुझं कोण ऐकेल?"

"नाही ऐकलं तर नाही," उत्पला शिडीवरून उतरत म्हणाली. "आजपासून ही शिळा कोणाचीच नाही. माझीही नाही."

पारवा टेकूवरून म्हणाला, "बोलणं सोपं आहे. शिळेवर भरवसा आहे का तुझा?"

उत्पला कमानीच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली.

"सुतारदादा," ती म्हणाली, "टेकू काढा."

सुतार जागचे हलले नाहीत. तिचा हुकूम मानायची रीत नव्हती.

"हुकूम नाही हा," ती म्हणाली. "विनंती आहे. मी इथेच उभी आहे."

तेव्हा एका सुताराने पागोटे सावरले आणि पहिल्या ओंडक्याला हात घातला. मग दुसरा पुढे आला. मग तिसरा. शेवटचा टेकू निघाला तशी कमान करकरली, आत्याने डोळे मिटले, आणि सभागृहातून दगडाची धूळ निळ्या मेघासारखी निघाली. ती महाद्वारावर आली आणि शिळेत शिरली. शिळा भरत गेली. मोर झाकला, नागाच्या वेळचा थर परतला, पहिल्या सिंहाच्या वेळचाही. सभागृहात नुसते चौथरे राहिले. जुने राजे सुटले.

राजा धृतवर्मा अंगरखा झटकत उभा राहिला. त्याला शिंक आली.

"बाळ," तो म्हणाला, "तुझं कमळ?"

"वाळूत चांगलं दिसायचं ते," उत्पला म्हणाली. "या, आपण चालत आत जाऊ."

दोघे कमानीखालून गेले. त्यांच्यामागून अंबारीचा हत्ती मान न वाकवता आत आला, आणि त्याच्याही वरून, चोचीत काडी धरून, पारवा आपल्या सांध्याकडे उडाला.