सूर्याला थांबवणाऱ्या अंबूताई

डोंगरात मोटार यायच्याही आधीची ही गोष्ट. तेव्हा अंबूताई जिल्ह्याच्या पहिल्या ग्रंथपाल झाल्या. नऊवारीचा काचा मारायचा, बैलगाडीत पुस्तकांच्या पेट्या घालायच्या आणि गावोगाव ठेवत फिरायचं, हे त्यांचं काम. त्यांचे बैल वाटेनं बाराखडी पुटपुटायचे, असं म्हणतात.

कोंढरीतही त्यांनी एक पेटी ठेवली. "नीट सांभाळा हो," म्हणाल्या. वर्षानं परत आल्या. वरून हुकूम आला होता, जिथं एकही पुस्तक कुणाच्या घरी गेलं नाही, तिथली पेटी उचलून आणा.

बघतात तर पेटी देवळात! वर झेंडूचा हार, पुढं उदबत्ती.

"ताई, रोज पूजा केली," गुरवबुवा छाती फुगवून म्हणाले. "कुणाचं बोट लागू दिलं नाही. सरस्वतीच ती!"

अंबूताईंना हसावं की रडावं कळेना. "अहो बुवा, मग वर्षभर तिला तोंडच उघडू दिलं नाहीत होय?"

"ताई, दिवस बुडायच्या आत घाट उतरायचाय!" गाडीवान ओरडला.

अंबूताई पायरीवर बसल्या आणि एका लबाड कोल्ह्याची गोष्ट वाचू लागल्या. गाव जमलं. रानातून येणारी गुरं वेशीतच थबकली. सूर्यही डोंगरावर कोपर टेकून ऐकत बसला, असं म्हणतात.

कोल्हा विहिरीत पडला आणि अंबूताईंनी पुस्तक मिटलं.

"अगं बाई, पुढं?"

"पुढचं घरी नेऊन वाचायचं."

सगळे मागं सरले. देवाला घरी न्यायचं, आणि खरकटा हात लागला तर? शेवटी तान्हं कडेवर घेऊन सुंद्रा पुढं आली. तिचा घोर वेगळाच. "मला वाचता येत नाही, ताई. आणि पोरानं फाडलं तर?"

"फाडलं तर खळीनं चिकटवू. वाचायचं मी शिकवते. बस इथं."

सुंद्रा घामाघूम झाली, पण उठली नाही. तिला वाचता येईपर्यंत सूर्य बुडालाच नाही, असं म्हणतात. गाडीवान तर सांगायचा, बैलांनी तीनदा वैरण खाल्ली तरी ऊन होतंच!

"सुंद्रे, कोल्हा निघाला का गं वर?" गुरवबुवांना राहवेना.

"उद्या घरी या बुवा, वाचून सांगते!" आणि सुंद्रा पुस्तक घेऊन गेली.

पेटी कोंढरीतच राहिली. आता तिथं दोन खोल्यांचं वाचनालय आहे. आजही पुस्तक नेणारा दारातून हाक देतो, "अंबूताई, नेतो हो!" आणि आतून ग्रंथपालांना उत्तर द्यावंच लागतं. सध्याचे ग्रंथपाल चांगले झुपकेदार मिशांचे गृहस्थ आहेत, पण तेही बिनचूक म्हणतात, "ने रे बाळा, तुझी ताई बसलीय इथं!"