कपाटघराची वीज कोण खातं?

“महिन्यात पाच लाखांची वीज जळाली आणि वसूल झाले साडेतीन! मधली दीड लाखांची कुणी खाल्ली?” चंडप्रताप राजानं वीजबिल प्रधानाच्या अंगावर भिरकावलं.

राजाचा धंदा तसा साधा. लढाया केव्हाच संपल्या होत्या. मग त्यानं दारूगोळ्याचं कोठार झाडून घेतलं, लोखंडी कपाटं मांडली, गार हवा सोडली आणि व्यापाऱ्यांना सांगितलं, “तुमचे कॉम्प्युटर माझ्याकडं ठेवा. जागेचं भाडं द्या आणि जाळाल तेवढ्या विजेचे पैसे मोजा.” कपाटं भरली. एकेका कपाटाला मीटर बसलं. पण सगळ्या मीटरांची बेरीज आणि दारावरचं मुख्य मीटर यांचं काही जमेना!

प्रधान म्हणाला, “तारा सगळ्या वायरमन बारकूनानाच्या हातात, महाराज. तोच चोरून विकत असणार!”

“बारकू!” राजा गरजला. “सोमवारपर्यंत असं बिलाचं सॉफ्टवेअर शोध, की पै न् पै जुळली पाहिजे, आणि ज्यानं वीज जाळली नाही त्याच्यावर दमडीही चढता कामा नये. नाही जमलं तर तू तुरुंगात!”

बारकूनाना पाय ओढत घरी आला. लेक येसू तारा सोलत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“आबा, खरं सांगा. विकलीत का वीज?”

“येडी का काय! वीज कुठं जाते ते मला पक्कं ठाऊक आहे. मुख्य मीटरापासून एक जाड तार मीच ओढलीय, प्रधानाच्या हुकमानं. हत्तीखान्यात चार एसी, राणीसाहेबांचं रंगीत कारंजं, महाराजांचा गार पाण्याचा हौद... समदं त्या तारेवर!”

“मग सांगा की तसं!”

“राजाला तोंडावर सांगू, की वीज तूच खाल्लीस? जीभ राहील का जागेवर?”

“तुम्ही नका सांगू,” येसू म्हणाली. “त्या तारेवर आजच एक मीटर तेवढं बसवा. आज शुक्रवार आहे. पुढचं सॉफ्टवेअर सांगेल.”

सोमवारी दरबार भरला. बारकूनानानं बोलावलेले सॉफ्टवेअरचे तीन विक्रेते आले. येसूही बापाबरोबर आली होती. पहिला कोटवाला. तो लवून म्हणाला, “महाराज, आमच्यात ‘इतर’ नावाचा रकाना आहे. दीड लाख त्यात टाकायचे आणि सगळ्यांवर वाटून द्यायचे. कुणाला पत्ताही लागत नाही!”

तसा एक व्यापारी उसळला, “माझं यंत्र उशीएवढं! दुसऱ्याचं बिल मी का भरू?”

दुसऱ्यानं पडद्यावर रंगीत चित्रं नाचवली. दरबार ‘वा वा’ करू लागला.

“बेरीज जुळते का हो?” येसूनं विचारलं.

“बेरीज कोण बघतं, ताई? चित्रं बघूनच माणूस खूश!”

तिसरा म्हातारा, पायात झिजलेल्या चपला. त्याचा पडदा नुसता काळा-पांढरा. तो म्हणाला, “नाही जुळत, महाराज. दीड लाखांचं एक गिऱ्हाईक तुमच्या यादीतच नाही. नाव सांगा, चढवतो.”

येसूनं एका चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि कोटवाल्यापुढं धरलं. त्याला दरदरून घाम फुटला. “हे नाव... आमच्या सॉफ्टवेअरात बसत नाही!”

रंगीत चित्रवाल्यानं चिठ्ठी वाचली आणि पडदाच मिटला. “आमचं इंटरनेट गेलं!”

म्हाताऱ्यानं चष्मा सारखा केला. “मीटर आहे का यांना?”

“आहे. हे घ्या तीन दिवसांचे आकडे.”

खर्रर्र... कागद बाहेर आला. पंधरा हजार! तीन दिवसांची सगळी बिलं मुख्य मीटराशी ताडली. पै न् पै जुळली!

“कोण तो चोर?” राजा उठून उभा राहिला. “मुसक्या बांधून आणा त्याला!”

“आणता यायचं नाही, महाराज,” येसू म्हणाली. “बाकीच्यांना बांधून आणवणारे तेच आहेत.”

राजानं कागद हिसकावून घेतला. नाव: चंडप्रताप महाराज. पत्ता: राजवाडा. वापर: हत्ती, कारंजं, हौद. प्रधान हळूच खांबाआड सरकला.

“म्हणजे मी चोर?”

“छे छे! चोर लपून खातो. तुम्ही तर आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक! नाव चढवायचं तेवढं राहिलं होतं.”

राजाच्या मिशा थरथरल्या. “अन् यातलं सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?”

“ज्याची तुमचं बिल काढायची छाती झाली त्याचं! तुम्हाला भिऊन जे तुमचं लपवतं, ते उद्या प्रधानजींचं किती लपवेल?”

राजा पोट धरधरून हसला. हसता हसता मुकुट कानावर आला! “म्हाताऱ्याचं सॉफ्टवेअर घ्या! बारकूला दुप्पट पगार! आणि पोरी, आजपासून कपाटघराची कारभारीण तू. हे घे सोन्याचे तोडे!”

येसूनं तोडे बाजूला ठेवले आणि हात पुढं केला.

“तोडे मागनं, महाराज. आधी पंधरा हजार!”

राजा पुन्हा खदखदला आणि कमरेचा पैशांचा कसा सोडू लागला.