गुडघ्यापाशी दुहेरी कापड

एकदा एका वृद्ध शिंप्याच्या दुकानी एक पांढरा झगा परत आला. तो वापरणारे पोप दहा-बारा दिवसांपूर्वी निवर्तले होते. त्यांची खोली आवरणारा सेवक झगा पुढे करीत म्हणाला, "टाकून द्यायला मन होईना, मास्तर. तुम्हीच शिवलेला आहे."

कार्डिनल म्हणवणारे वरिष्ठ धर्मगुरू आपल्यातूनच नवा पोप निवडतात, पण तो कोण होणार हे निवडीपूर्वी कुणालाच ठाऊक नसते. म्हणून लहान, मध्यम आणि मोठा असे तीन झगे आधीच शिवून ठेवतात. निवडून येईल त्याने त्यातला एक अंगावर चढवायचा. हे काम पिढ्यान्‌पिढ्या याच दुकानाकडे होते. या खेपेस वृद्धाने कात्री शिष्याच्या हाती दिली होती. "माझी नजर गेली. झगे तू शीव. नीट झाले तर दुकान तुझं." चार वाजता झगे पोचवायचे होते. उशीर झाला तर समोरचा शिंपी टपलेलाच होता.

बाहेर चौकात वार्ताहरांचा बाजार भरला होता. कबरीवरची फुले सुकली नव्हती आणि पुढच्या नावावर पैजा लागल्या होत्या. गेलेल्या माणसाविषयी कुणी अवाक्षर काढत नव्हते.

सकाळीच एक रेशमाचा व्यापारी दुकानात शिरला आणि शिष्याच्या हाती चिठ्ठी सरकवून म्हणाला, "आमचेच कार्डिनल येणार, काळ्या दगडावरची रेघ! हे त्यांचं माप. मोठा झगा यानेच बेत. पहिल्या दिवशी अंगावर चपखल बसला, की तू त्यांच्या कायमचा ध्यानात."

तो गेल्यावर शिष्याने खडू उचलला.

"काय दिलं रे त्याने?" वृद्धाने विचारले.

"माप, मास्तर."

"निवड झाली?"

"अजून नाही."

"मग ते अंगाचं माप नव्हे, इच्छेचं. ठेव बाजूला."

शिष्याने चिठ्ठी बाजूला ठेवली, मन मात्र तिथेच राहिले. तीनच्या सुमारास तिन्ही झगे तयार झाले. त्याने इस्त्री खाली ठेवली, तोच वृद्धाने एक विलक्षण कृती केली. चाचपत चाचपत त्याने तिन्ही झगे पुढ्यात ओढले आणि गुडघ्यापाशी त्यांची अस्तरे उसवू लागला.

"मास्तर! तासभर उरलाय! माझं चुकलं तरी काय?"

"काही नाही चुकलं. तो जुना झगा घे. बोटांनी बघ."

शिष्याने बोटे फिरवली. सज्ज्यात उभे राहिल्यावर जगाला दिसणारे छातीवरचे कापड नव्यासारखे होते. गुडघ्यांपाशी मात्र ते इतके विरले होते की खालचे बोट आरपार दिसत होते.

"चार वेळा रफू केलंय तिथे," वृद्ध म्हणाला. "आजाऱ्याची खाट असो, तुरुंगातला कैदी असो, ते सरळ गुडघे टेकायचे. मला म्हणायचे, 'मास्तर, तुमचं कापड कच्चं.' मी म्हणायचो, 'महाराज, तुमचे गुडघे द्वाड.'" तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "येणाऱ्याचं माप मला ठाऊक नाही, त्या व्यापाऱ्यालाही नाही. पण या जागी येणाऱ्याने कुठे झिजायचं, ते गेलेला माणूस दाखवून गेलाय. तिथे कापड दुहेरी लाव."

शिष्याने दोन सुयांत दोरा ओवला, एक वृद्धाच्या हाती दिली आणि दोघे शेजारी बसून शिवू लागले. चारला पाच मिनिटे असताना झगे निघाले. उरलेला दोरा शिष्याने व्यापाऱ्याच्या चिठ्ठीलाच गुंडाळला.

तिसऱ्या दिवशी निवड झाल्याची खूण म्हणून धुराड्यातून पांढरा धूर निघाला. एकाही वर्तमानपत्राने ज्याचे नाव छापले नव्हते, असा एक ठेंगणा कार्डिनल निवडला गेला. झगा टाचून द्यायला शिष्याला आत बोलावले. लहानातला लहान झगाही त्या माणसाला लांब होत होता.

"मला मोठा होतोय हा," तो पुटपुटला.

"सगळ्यांनाच होतो, पवित्र पिता. मी टाचून देतो."

नवे पोप प्रार्थनेसाठी गुडघ्यांवर बसले. मग त्यांनी कापड चाचपले. "इथे जाड का लागतंय?"

"मास्तर म्हणाले, इथेच झिजतं."

त्यांनी त्या दुहेरी कापडावरून हळूच तळवा फिरवला. बाहेर लाखो माणसे त्यांचे नाव विचारत होती. अखेर ते उठले, डोळे पुसले आणि सज्ज्याकडे वळता वळता म्हणाले,

"मास्तरांना सांग, रफूला येईन."